वायरचं पॉलिशर की बॅटरीचं? गाडी घासण्याआधी विजेचा हिशेब

दसऱ्याच्या आसपास ऑनलाइन सेल लागले की मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. काळ्याभोर एसयूव्हीचं बॉनेट, त्यावर अलगद फिरणारं पिवळं पॅड, बाजूला दोन बॅटऱ्या, स्पंजांचा ढीग आणि कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘४८ व्होल्ट’. गाडी धुऊन-पुसून पूजेला उभी करायची असते. गॅरेजवाला रबिंग-पॉलिशचे जेवढे सांगतो तेवढ्यात मशीनच घरी येतंय असं वाटतं आणि बोट खरेदीच्या बटणाकडे जातं. तेवढ्यात खाली त्याच किमतीत वायरवालं मशीन दिसतं आणि गोंधळ सुरू होतो. कुणी म्हणतं, ताकद वायरच्याच मशिनात. कुणी म्हणतं, तो जमाना गेला. यूट्यूबवर अमेरिकेतला एखादा डिटेलर, म्हणजे गाड्या चमकवण्याचा धंदा करणारा, बॅटरीच्या मशिनने अख्खा पिकअप ट्रक चमकवून दाखवतो.

ताकदीचा वाद आता बऱ्यापैकी मिटलाय. चांगल्या कंपनीचं बॅटरीचं पॉलिशर वायरच्या मशिनाइतक्याच जोमाने फिरतं. किती वेळ फिरतं, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि गाडीचं पॉलिशिंग हे वेळखाऊ काम आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडी उभी राहते तिथवर वीज पोचत असेल आणि अख्खी गाडी घासायची असेल, तर घरच्या माणसाने वायरचं मशीन घ्यावं. बॅटरीचं कधी घ्यावं तेही पुढे येईलच, पण त्याआधी थोडं खालपासून बघू.

पॉलिशर रंगाला नेमकं काय करतं

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा प्रायमर असतो, त्यावर रंगाचा थर म्हणजे बेसकोट आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, क्लिअरकोट. गाडी चमकते ती या क्लिअरकोटमुळे. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या घरात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली जाते तेव्हा फडक्यातली धूळ या थरावर बारीक रेघा ओढते. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघांचं जाळं दिसतं, ते हेच. त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यात भर घालतात.

या रेघा पॉलिशर बुजवतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात पॅड आणि कंपाऊंडमधली, म्हणजे घासायच्या पेस्टमधली, खर मिळून क्लिअरकोटचा वरचा पापुद्रा घासून काढतात, एखाद-दोन मायक्रॉन. पृष्ठभाग रेघेच्या तळाइतका खाली आला की रेघ उरत नाही. (काही ठिकाणी तेलकट ग्लेझ लावून रेघा नुसत्या झाकल्या जातात. दोन-चार वेळा गाडी धुतली की त्या परत हजर होतात, आणि गिऱ्हाईक पुन्हा गॅरेजमध्ये हजर होतं.) म्हणून दर महिन्याला हौसेने पॉलिश मारायचं नसतं. क्लिअरकोट एकदाच मिळतो. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जायचा नाही. मॅट फिनिशच्या गाडीला तर पॉलिशर लावायचंच नाही.

वायरच्या आधीचा प्रश्न: पॅड फिरतं कसं?

खरेदी करताना लोक वायर-बॅटरीवर तासभर घालवतात आणि पॅडच्या फिरण्याकडे बघतही नाहीत. चूक होते ती इथे, कारण गाडीचा रंग वाचणार की जाणार हे त्यावर ठरतं.

रोटरी मशिनाचं पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. मोटरची सगळी ताकद एका दिशेने लागते, काम झपाट्याने होतं आणि पत्राही तितक्याच झपाट्याने तापतो. बॉनेटच्या कडेवर किंवा दारावरच्या उठावदार रेषेवर क्लिअरकोट पातळ असतो. तिथे मशीन थोडं जास्त रेंगाळलं तर खालचा रंग उघडा पडतो, आणि मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याशिवाय उपाय नाही. नवख्या हाताची रोटरी उन्हात ओळखू येते. गाडीवर लांबट, तिरप्या, हलल्यासारख्या दिसणाऱ्या रेघा राहतात. त्यांना होलोग्राम म्हणतात.

दुसरा प्रकार ड्युअल अ‍ॅक्शन, तोंडी भाषेत डीए. यात पॅड एका छोट्या वर्तुळात झुलतं आणि झुलता झुलता स्वतःभोवतीही फिरतं. ज्या वर्तुळात ते झुलतं त्याचा व्यास म्हणजे थ्रो. बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटर थ्रोची मशिनं मिळतात. थ्रो मोठा तसं सपाट भागावर काम भराभर उरकतं, पण वळणावर मशीन सांभाळणं अवघड होतं. बहुतेक डीएंचं स्वतःभोवतीचं फिरणं मोकळ्या बेअरिंगवर असतं, त्यामुळे जास्त दाबलं किंवा पॅड कडेवर तिरकं झालं की ते फिरणंच थांबतं. मशीन नुसतं थरथरतं, काम होत नाही, पण रंगही जात नाही. पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे कळावं म्हणून बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतं त्या तबकडीच्या, कडेला मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवतात. सोपी युक्ती आहे आणि फुकट आहे.

घरच्या माणसासाठी डीए हेच उत्तर, वायरचं असो वा बॅटरीचं. जाहिरातीत कुठेही थ्रो लिहिलेला नसेल तर ते मशीन बहुधा रोटरी आहे असं समजा. दोन हातांनी धरायचं, ताटाएवढं गोल पॅड असलेलं स्वस्त मशीनही मिळतं. ते मेण पसरायला आणि पुसायला ठीक आहे, रेघा काढायला त्यात दम नसतो.

बॅटरीत वीज मावते किती?

वायरचं मशीन नळाला लावलेल्या पाइपसारखं आहे आणि बॅटरीचं हंड्यासारखं. पाइपातून धार किती जोरात येते आणि हंड्यातून किती जोरात ओतता येतं यात आता फारसा फरक राहिलेला नाही. पण हंडा रिकामा होतो.

हंड्यात किती मावतं ते मोजायचं माप म्हणजे वॅट-अवर. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार करायचा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. पॉलिशरसाठी हा नेहमीचा आकार. इटलीच्या रुपेस कंपनीची एचएलआर १५ आणि एचएलआर २१ ही नावाजलेली बॅटरीची डीए मशिनं याच मापाच्या बॅटरीवर चालतात.

आता खर्चाची बाजू बघा. त्याच कंपनीची वायरची एलएचआर १५ आणि एलएचआर २१ ही मशिनं ५०० वॅटची आहेत. जर्मनीच्या फ्लेक्सचं एक्सएफई ७-१५ हे ७१० वॅटचं. हा आकडा मशीन जास्तीत जास्त किती वीज ओढेल ते सांगतो. रोजच्या कामात ते सतत तेवढं ओढत नाही. निम्मी, म्हणजे २५० वॅट धरली, तर ९० वॅट-अवरची बॅटरी एकवीस-बावीस मिनिटं पुरते. दाबून कंपाऊंड मारायला बसलात तर त्याहून कमी, हलक्या हाताने शेवटचा हात फिरवला तर थोडी जास्त.

बरेच जण इथे अडतात. ‘आमच्या सुताराचं बॅटरीचं ड्रिल दिवसभर चालतं की!’ बरोबर आहे. पण ड्रिल भोक पाडायला दहा-पंधरा सेकंद फिरतं, मग सुतार स्क्रू शोधतो, शिडी सरकवतो, चहा घेतो. आठ तासांत मोटर फिरते ती मोजकी मिनिटं. पॉलिशर सुरू केलं की एका जागेवरच सलग काही मिनिटं चालतं आणि ते काम गाडीभर करायचं असतं. घरातल्या हत्यारांत इतकं सलग चालणारं दुसरं काही चटकन आठवत नाही.

एक हॅचबॅक, एक हात

साध्या हॅचबॅकच्या रंगवलेल्या पत्र्याचं आणि बंपरांचं क्षेत्रफळ ढोबळमानाने आठ-नऊ चौरस मीटर भरतं. पॉलिश एकदम अख्ख्या बॉनेटवर करत नाहीत, दीड-दीड फुटाचे चौकोन पाडून करतात. तेवढ्या चौकोनात कंपाऊंड सुकायच्या आत काम उरकतं. म्हणजे गाडीभर चाळीसच्या आसपास चौकोन झाले.

प्रत्येक चौकोनावर मशीन आधी आडवं, मग उभं, पुन्हा आडवं, पुन्हा उभं न्यायचं, तेही सावकाश. सेकंदाला एक-दोन इंच. व्हिडिओत दिसतं तसं भराभर फिरवलं तर पॅड रंगावरून नुसतं सरकतं, रेघा तशाच राहतात. या गतीने एका चौकोनाला चार मिनिटं धरा. चाळीस चौकोन गुणिले चार म्हणजे १६० मिनिटं, पावणेतीन तासांच्या जवळपास. हे नुसतं मोटर फिरण्याचं झालं. पुसणं, पॅड साफ करणं, टेप लावणं आणि कंबर सरळ करणं वेगळं.

एका चार्जमध्ये वीस मिनिटं धरली तर १६० मिनिटांना आठ वेळा भरलेली बॅटरी लागते. सेलमधल्या मशिनासोबत दोन मिळतात. त्यांचा चार्जर बहुधा दोन अँपिअरचा किंवा त्याहूनही लहान, म्हणजे ५ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला अडीच तासांहून जास्त. सकाळी सात वाजता बॉनेट घेतलं की पावणेआठला दोन्ही बॅटऱ्या संपतात आणि दुपारपर्यंत गाडी एका बाजूने चमकत उभी राहते. चांगल्या कंपनीच्या जलद चार्जरवर पाऊण-एक तासात बॅटरी भरते. तरीसुद्धा दोन बॅटऱ्यांत काम सलग चालत नाही, तीन-चार लागतात.

आणि हा हिशेब एकाच फेरीचा आहे. रेघा खोल असतील तर आधी कंपाऊंड आणि मग बारीक पॉलिश, अशा दोन फेऱ्या होतात. मोठी एसयूव्ही असेल तर चौकोनही वाढतात.

वायरच्या मशिनात हे सगळं काम एक युनिटच्या आत-बाहेर वीज खातं. बिलात कळणारही नाही.

‘मग ४८ व्होल्टचं घेऊ, ते जास्त चालेल!’

सेलमधला सगळ्यात मोठा घोळ या आकड्याचा आहे. हत्यारांच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सुटे सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणून एका कंपनीची ‘१८ व्होल्ट’, दुसरीची ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि तिसरीची ‘२१ व्होल्ट’ ही एकाच दाबाची बॅटरी असते. कुणी सरासरी छापतं, कुणी शिखर.

खऱ्या ४८ व्होल्टला तेरा सेल एकापुढे एक लागतील. स्वस्त मशिनांवर मात्र ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, अगदी ‘१२८ व्हीएफ’ असंही छापलेलं असतं. ‘व्हीएफ’ हे विजेचं कुठलंही एकक नाही. आत बहुधा तेच पाच सेल निघतात, फार तर दहा.

हे बॅटरी न उघडता पकडता येतं. सोबत आलेला चार्जर उलटा करून त्याचं आउटपुट वाचा. तिथे २१ व्होल्ट लिहिलं असेल तर बॅटरी पाच सेलांच्या ओळीची आहे, वर काहीही छापलेलं असो. २१ व्होल्टच्या चार्जरने ४८ व्होल्टची बॅटरी भरता येत नाही. दुसरी खूण वजनाची. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा १८६५० मापाचा एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्या मापात ५ अँपिअर-अवरसाठी असे दहा सेल लागतात, म्हणजे नुसते सेलच जवळजवळ अर्धा किलो. हातात घेतलेली बॅटरी तीनशे ग्रॅमची लागली तर आत काय आहे ते कळलंच.

‘पण ब्रशलेस मोटर वीज कमी खाते ना?’

खाते. वायरच्या बहुतेक मशिनांत कार्बन ब्रश असतात. मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे हे कार्बनचे दोन छोटे ठोकळे. घर्षणात थोडी वीज वाया जाते आणि ठोकळे झिजतात. ब्रशलेस मोटरमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं, म्हणून त्याच कामाला वीज कमी लागते आणि मोटर तापतेही कमी. बॅटरीची पॉलिशरं आज कामाची झाली त्याचं मोठं श्रेय याच मोटरला आहे.

म्हणून वरच्या हिशेबातली वीस मिनिटं पंचवीस-तीस होऊ शकतात. पण तीन तासांच्या कामापुढे तो फरक अपुरा पडतो. पॅड आणि रंग यांच्यातलं घर्षण हेच मुळात काम आहे. मोटर कितीही शहाणी असली तरी ते घर्षण फुकटात होत नाही.

उलट कार्बन ब्रशचा एक फायदा सांगायलाच हवा: ते किरकोळ किमतीत मिळतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला जुना ब्रश खिशात घेऊन गेलात की त्या मापाचा जोड बहुधा मिळून जातो. दहा वर्षांचं मशीन पुन्हा चालू. ब्रशलेसमधलं सर्किट गेलं तर गोष्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर आणि तिथल्या दरांवर येते.

‘वायर सारखी मध्ये येते, रंगाला घासते’

ही तक्रार खरी आहे. बॉनेटवर काम करताना वायर खाली लोंबली आणि तिच्यावर धूळ असली, तर आत्ताच काढलेल्या रेघांशेजारी नव्या रेघा. उपायही जुनाच आहे: वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची आणि तिथूनच जमिनीवर सोडायची. दहा मिनिटांत सवय होते. बॅटरीच्या मशिनाला वायर नसली तरी मागच्या टोकाला बॅटरीचा ठोकळा असतोच, आणि खोलगट बंपरवर किंवा आरशाखाली तो पत्र्याला टेकतो. मशीन कुठलंही असो, अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचं बक्कल आधी काढून ठेवा. गाडीवर ओणवताना बक्कल जे करतं ते कुठलीही वायर करत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाने मशिनाचा जोर कमी होतो, जाड वायर घ्या, असा सल्ला अमेरिकी व्हिडिओंत वारंवार येतो. त्यांच्याकडे तो योग्य आहे, कारण त्यांच्या घरातली वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे २३० व्होल्ट. तेवढ्याच वॅटला आपल्या वायरमधून निम्म्याच्या आसपास करंट जातो आणि दाबातली टक्केवारीची घट जवळजवळ चौपट कमी होते. तांब्याच्या पाऊण चौरस मिलिमीटर जाडीच्या तीस मीटर एक्स्टेंशनवर ५०० वॅटचं पॉलिशर लावलं तर घट होते सुमारे ३ व्होल्टची. मशिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. मोठ्या रोटरीसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्या. पण कुठलीही असो, रिळावर गुंडाळलेली वापरू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतून तापते.

खरी काळजी पाण्याची. गाडी धुतली त्याच जागी, ओल्या फरशीवर, अनवाणी उभं राहून पॉलिश करणं ही आपल्याकडची पद्धत आहे आणि ती मोडायला हवी. मशिनाच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याचं आवरण दुहेरी असतं. त्यामुळे दोन पिनांचा प्लग बघून ‘अर्थिंग नाही’ म्हणून घाबरू नका. मात्र एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर पडलेला असतो आणि ओल तिथे आधी पोचते. तो स्टुलावर ठेवा, पायात रबरी चप्पल घाला आणि त्या सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना ते बघून घ्या. तो नसेल आणि बसवणं शक्य नसेल, तर बॅटरीच्या मशिनाच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा झाला.

मे महिना आणि कपाटातली बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. चांगला चार्जर तापलेली बॅटरी ओळखतो आणि ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात नुसत्या हवेचाच पारा पंचेचाळिशीला टेकतो. वीस मिनिटं पॉलिशरमध्ये राबून आलेली बॅटरी तर हाताला चटका देते. म्हणजे जलद चार्जर असूनही आधी ती गार व्हायची वाट बघायची. तसंही तापल्या पत्र्यावर कंपाऊंड लगेच सुकतं, म्हणून उन्हाळ्यात हे काम सावलीत आणि सकाळी लवकर करावं, मशीन कुठलंही असो.

दुसरा मुद्दा वयाचा. घरचा माणूस वर्षातून एक-दोनदा पॉलिश करतो, बाकी वेळ मशीन कपाटात. वायरच्या मशिनाला त्याने काही होत नाही. बॅटरी मात्र न वापरताही म्हातारी होते. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली तर लवकर, पूर्ण रिकामी ठेवली तर कधी कधी उठतच नाही. अर्धी भरून थंड जागी ठेवायची आणि अधूनमधून बघायची. हे सगळं पाळूनही काही वर्षांनी तिची मिनिटं कमी होतात. तेव्हा तेच मॉडेल बाजारात नसलं तर चांगलं मशीन भंगारात जातं. मोठ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं त्याच खाचेच्या राहतात, हा त्यांचा मोठा गुण. निनावी मशिनांची खात्री कोण देणार?

मग बॅटरीचं मशीन घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, जिथे वीस मिनिटांत काम संपतं तिथे. दाराच्या मुठीखालचे नखांचे ओरखडे, एका दारावरचे पाण्याचे डाग, पिवळट पडलेले हेडलाइट, मोटरसायकलची टाकी. अशा कामासाठी एक्स्टेंशन काढून पसरणं जिवावर येतं आणि मग ते काम होतच नाही.

छोट्या पॅडची मशिनं हा तर बॅटरीचाच प्रांत आहे. फ्लेक्सचं पीएक्सई ८० हे १०.८ व्होल्टच्या, म्हणजे तीन सेलांच्या ओळीच्या बॅटरीवर चालतं. रुपेसचं आयब्रिड नॅनो बॅटरीवरही चालतं आणि वायरवरही. एक ते तीन इंची पॅड लावून आरसे, दारांमधले खांब, नंबरप्लेटभोवतीची जागा अशा अडचणीत त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. व्यावसायिक डिटेलरांकडे बॅटरीचं मशीन दिसतं ते बरेचदा या कामासाठी किंवा शेवटच्या हलक्या हातासाठी. अख्खी गाडी बॅटरीवर करणाऱ्यांकडे भिंतीला चार-सहा चार्जर लावलेले असतात. व्हिडिओच्या चौकटीत ते येत नाहीत, एवढंच.

आणि पार्किंग. शहरातल्या सोसायटीत गाडी तळमजल्यावर किंवा पोडियमवर, घर पाचव्या मजल्यावर. पार्किंगमधलं सॉकेट सोसायटीच्या मीटरवर, त्याला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. गॅलरीतून वायर खाली सोडणारे महाभाग आहेत, पण मधल्या चार मजल्यांच्या गॅलऱ्यांमधून लोंबणारी वायर कुणाच्या ओल्या कपड्यांना लागेल सांगता येत नाही. ते करू नका. सेक्रेटरींना विचारून, एक-दोन युनिटांचे पैसे देऊन सॉकेट मिळत असेल तर प्रश्न सुटला. मिळतच नसेल, तर बॅटरीचं मशीन घ्या आणि गाडी एका दिवसात संपवायचा हट्ट सोडा. या रविवारी बॉनेट आणि छप्पर, पुढच्या रविवारी डावी बाजू. रंगाला त्याने काही फरक पडत नाही. गाडी सलग पॉलिश झाली पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

लोडशेडिंगसाठी म्हणून बॅटरीचं घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आठ चार्ज भरायलाही वीज लागतेच. फार तर ती आदल्या रात्री भरून ठेवता येते, तीही बॅटऱ्या तेवढ्या असतील तर.

‘घरी ग्राइंडर आहे, त्यालाच पॅड लावलं तर?’

नको. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो; रोटरी पॉलिशर सहाशे ते तीन हजार. त्या वेगात पॅड फाटून उडतं आणि ते उडेपर्यंत क्लिअरकोट गेलेला असतो. ड्रिलला लावायचं छोटं पॅड हेडलाइटपुरतं चालतं, बॉनेटला नाही.

दुकानात गेल्यावर

पहिल्यांदा घेणाऱ्याने १५ मिलिमीटर थ्रोचं, पाच इंची बॅकिंग प्लेटचं, वेग कमी-जास्त करता येणारं वायरचं डीए बघावं. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींची वळणं पाहता २१ मिलिमीटरचं मशीन हाताला अवजड जातं. दुकानदाराला प्लग लावायला सांगा, पॅड तळहातावर हलकं टेकवून मंद वेगात सुरू करा. वेग हळूहळू चढला पाहिजे; पहिल्याच झटक्याला उसळणारं मशीन बॉनेटवर कंपाऊंडचे शिंतोडे उडवतं. वायर निदान चार मीटरची असावी, म्हणजे एक्स्टेंशनचा जोड गाडीपासून लांब राहतो. उरलेले पैसे पॅडवर घाला. गाडीभर एकच पॅड वापरणाऱ्याचं पॅड निम्म्यावर चिकट होतं आणि मग दोष मशिनाला येतो. पाच-सहा पॅड लागतातच.

घरात आधीच एखाद्या मोठ्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल, त्याच्या तीन-चार बॅटऱ्या आणि जलद चार्जर असेल, तर मात्र माझा सल्ला बदलतो. त्याच कंपनीचं डीए पॉलिशर बॅटरीशिवाय नुसतं मिळतंय का ते विचारा. ते वायरच्या मशिनाच्या किमतीच्या जवळपास येतं आणि हंडे घरात भरलेलेच असतात. फक्त घरातल्या बॅटऱ्या किती अँपिअर-अवरच्या आहेत ते आधी बघा. ड्रिलसोबत बरेचदा दोनच्या येतात, आणि त्यावर पॉलिशर आठ-नऊ मिनिटं चालतं. त्यात बॉनेटचे दोन चौकोन होतात.